झाकता न येणारा वेग

फेब्रुवारी २०२४ मध्ये बहारीनच्या साखीर ट्रॅकवर फॉर्म्युला वनची तीन दिवसांची हंगामपूर्व चाचणी झाली. शेवटच्या दिवशी सॉबर संघाच्या झोउ ग्वानयूने १ मिनिट ३०.६४७ सेकंदांत एक फेरी मारली. रेड बुलचा जगज्जेता मॅक्स व्हर्स्टापेन याची त्या दिवसाची सर्वोत्तम वेळ होती १ मिनिट ३०.७५५ सेकंद. कागदावर सॉबरची गाडी रेड बुलपेक्षा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने वेगवान ठरली. आठच दिवसांनी त्याच ट्रॅकवर हंगामाची पहिली शर्यत झाली. सॉबरच्या दोन्ही गाड्या पात्रता फेरीच्या पहिल्याच टप्प्यात गळाल्या, झोउ शर्यतीत अकरावा आला, आणि व्हर्स्टापेन दुसऱ्या क्रमांकावरच्या आपल्याच सहकाऱ्यापेक्षा २२ सेकंदांहून जास्त आघाडी घेऊन जिंकला. हंगामाच्या पहिल्या दहापैकी सात शर्यती त्याने खिशात घातल्या. सॉबर वर्षअखेरीस अवघ्या ४ गुणांसह तळाला राहिला.

अशी उदाहरणं पाहिली की दोन टोकांची मतं कानावर येतात. एक भाबडं: वेळेच्या यादीत जो वर तो वेगवान. दुसरं स्वतःला जाणतं समजणारं: चाचणीला काही अर्थच नाही, सगळे खरा वेग झाकतात, पहिल्या शर्यतीपर्यंत कुणाला काहीच कळत नाही. माझ्या मते ही दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि दुसरं अधिक चुकीचं आहे, कारण ते माणसाला पाहणंच थांबवायला सांगतं. चाचणीतून खऱ्या वेगाचा बराच अंदाज बांधता येतो. त्यासाठी संघ काय दाखवतोय यापेक्षा काय झाकणं त्याला परवडत नाही, तिकडे पाहावं लागतं. एक वेगवान फेरी कुणालाही दाखवता येते किंवा लपवता येते. वीस-वीस फेऱ्यांच्या सलग धावा लपवायच्या, तर त्या मारायच्याच नाहीत एवढा एकच मार्ग उरतो, आणि तो मार्ग पत्करणाऱ्या संघाचं स्वतःचंच नुकसान होतं.

एका फेरीची वेळ इतकी फसवी का, ते आधी पाहू. पहिलं कारण पेट्रोल. २०१९ पासून २०२५ पर्यंतच्या नियमांत शर्यतीसाठी गाडीत जास्तीत जास्त ११० किलो इंधन वापरता येत असे. साखीरसारख्या ट्रॅकवर दर दहा किलो वजनामागे फेरीला साधारण ०.३ सेकंद जास्त लागतात. म्हणजे टाकी पूर्ण भरलेली गाडी आणि दोन-तीन फेऱ्यांपुरतंच पेट्रोल घातलेली तीच गाडी यांच्यात तीन सेकंदांचा फरक पडतो. खंबाटकी घाट चढणारी भरलेली एसटी आणि रिकामी एसटी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आता फॉर्म्युला वनमध्ये पहिल्या आणि शेवटच्या संघातला खरा फरक बहुतेक वेळा दीड-दोन सेकंदांच्या आत असतो. टाकीत किती किलो आहेत हे संघाबाहेरच्या कुणालाच माहीत नसतं, आणि त्या एका अज्ञात आकड्यात संपूर्ण मैदान उलटंपालटं होऊ शकतं.

दुसरं कारण टायर. पिरेली कंपनी हे टायर पुरवते आणि कठीण रबरापासून मऊ रबरापर्यंत त्यांना सी-१, सी-२ असे क्रमांक देते. जितकं रबर मऊ, तितकी पकड जास्त आणि आयुष्य कमी. एका पायरीचा फरक सुमारे अर्ध्या सेकंदाच्या घरात जातो. २०२४ च्या त्या शेवटच्या दिवशी झोउची वेळ सी-४ टायरवर लागली होती, व्हर्स्टापेनची सी-३ वर. बहारीनच्या त्या वर्षीच्या शर्यतीत सी-४ वापरलाच जाणार नव्हता, तिथे सी-१ ते सी-३ एवढेच टायर होते. सॉबरने दाखवलेला वेग खोटा नव्हता, पण ज्या टायरवर तो निघाला त्यावर ती शर्यत धावली जाणारच नव्हती. याच्या जोडीला इंजिनाची ताकद असते. इंजिनातून पूर्ण शक्ती काढायची की थोडी राखून ठेवायची हे संघ एका सेटिंगने ठरवू शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते थेट दिसत नाही.

तिसरं कारण दिवसाची वेळ आणि हवामान. साखीर वाळवंटात आहे. दुपारी ट्रॅक तापतो, टायर घसरतात, वाऱ्याबरोबर वाळू येते. सूर्य कलला की डांबर थंड होतं आणि वेळा झपाट्याने खाली येतात. त्यामुळे सकाळच्या सत्रात गाडी चालवणाऱ्याची वेळ संध्याकाळच्या वेळेशेजारी ठेवणंच चुकीचं आहे. ऋतूचा फरक तर आणखी मोठा. २०२५ ची चाचणी फेब्रुवारीअखेर थंड हवेत झाली. तिथली सर्वांत वेगवान फेरी विल्यम्सच्या कार्लोस साइन्झची, १ मिनिट २९.३४८ सेकंद. त्याच ट्रॅकवरची ग्रांप्री त्या वर्षी १३ एप्रिलला होती. तेव्हा ऑस्कर पियास्त्रीने पोल पोझिशन, म्हणजे शर्यतीत सर्वांत पुढून सुटण्याची जागा, मिळवली ती १ मिनिट २९.८४१ सेकंदांत. दीड महिना गाड्यांवर काम झालं होतं, पात्रता फेरीत कुणी काही राखून ठेवत नाही, तरीही फेब्रुवारीपेक्षा एप्रिलची सर्वोत्तम वेळ अर्ध्या सेकंदाने मंद. त्या चाचणीतल्या यादीचे पहिले तिघे होते साइन्झ, लुईस हॅमिल्टन आणि शार्ल लेक्लेर. या तिघांपैकी एकालाही २०२५ मध्ये एकही ग्रांप्री जिंकता आली नाही. चोवीसपैकी चौदा शर्यती जिंकल्या मॅक्लारेनने, आणि त्या संघाकडे जाणकारांचं लक्ष गेलं होतं ते दुसऱ्या दिवशी लँडो नॉरिसने मारलेल्या सलग फेऱ्यांमुळे.

एकटी वेगवान फेरी काही वेळा हिशेबाने मारलेली असते. त्याचं सर्वांत उघड उदाहरण २००१ मधलं. ॲलेन प्रोस्टच्या संघाने हिवाळ्यात इंजिन पुरवठादार गमावला, मोठे प्रायोजक गमावले, आणि नंतर विकतच्या फेरारी इंजिनावर नवी गाडी उभी केली. हंगामापूर्वीच्या चाचण्यांत जाँ अलेसी त्या निळ्या गाडीतून भल्याभल्यांना मागे टाकत होता. हंगाम सुरू झाला आणि तो वेग कुठे दिसला नाही. वर्षभरात ४ गुण मिळाले, जानेवारी २००२ मध्ये संघाने कायमचा गाशा गुंडाळला. चाचणीत गाडीचं वजन शर्यतीसारखं तपासलं जात नाही. त्यामुळे किमान वजनापेक्षा हलकी गाडी पळवून वर्तमानपत्रांत नाव झळकवणं शक्य असतं. पैशाची चणचण असलेल्या संघाला तो मोह पडला असेल असा तर्क तेव्हाही झाला. म्हणून यादीत अनपेक्षित नाव वर दिसलं की मी आधी त्या संघाच्या गाडीवर प्रायोजकांचे फलक किती आहेत हे पाहतो. हा पुरावा नव्हे, पण शंका घ्यायला तेवढं कारण पुरतं.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे लाँग रनकडे. समजा एका गाडीने पिटमध्ये न येता अठरा फेऱ्या मारल्या. पहिली फेरी १ मिनिट ३६.२ सेकंदांची, शेवटची १ मिनिट ३६.९ सेकंदांची. वरवर पाहता गाडी ०.७ सेकंदाने मंदावली. पण या दरम्यान दर फेरीला साधारण १.८ किलो पेट्रोल जळालं, म्हणजे पहिल्या फेरीपासून अठराव्या फेरीपर्यंत सुमारे ३० किलो वजन उतरलं. त्या हलकेपणामुळे गाडी एव्हाना ०.९ सेकंदाने वेगवान व्हायला हवी होती. ती उलट ०.७ ने मंदावली, म्हणजे टायरांनी एकूण १.६ सेकंद खाल्ले: फेरीमागे जवळजवळ एक दशांश. आता दुसऱ्या संघाची गाडी घ्या. तिचीही पहिली फेरी १ मिनिट ३६.२ ची, पण अठरावी १ मिनिट ३६.३ ची. पहिल्या फेरीच्या वेळा तंतोतंत सारख्या असूनही दुसऱ्या गाडीने त्या एका धावेत पाचेक सेकंद कमावले आहेत. अशा तीन धावांची शर्यत धरली तर निकालात पंधरा-सतरा सेकंदांचं अंतर पडतं. शर्यत जिंकणं आणि चौथं येणं यातला फरक अनेकदा एवढाच असतो.

या हिशेबाचं बळ कशात आहे ते नीट लक्षात घ्यायला हवं. सुरुवातीला टाकीत किती पेट्रोल होतं हे आपल्याला अजूनही माहीत नाही. पण वेळांचा उतार, म्हणजे दर फेरीला गाडी किती मंदावते, हा त्या अज्ञात आकड्यावर फारसा अवलंबून नसतो. दोन गाड्या सारख्याच टायरवर, सारख्याच तासाला धावत असतील तर त्यांचे उतार शेजारी ठेवून बोलता येतं. शिवाय धावेची लांबीच एक गोष्ट सक्तीने उघड करते: सलग अठरा फेऱ्या मारलेल्या गाडीत निघताना किमान तेवढ्या फेऱ्यांचं पेट्रोल असणारच. झाकण्याला एक तळ मिळतो. यातली अडचणही सांगायला हवी. हलकी गाडी टायर कमी झिजवते, त्यामुळे कमी पेट्रोल घालून निघालेल्या संघाचा उतारही जरा सौम्य दिसतो. पुढे मंद गाडी आडवी आली, चालकाने टायर जपत चालवलं, वारा फिरला, तर आकडे हलतात. म्हणून एका धावेवर विश्वास ठेवू नये. चाचणीच्या वेगवेगळ्या दिवशी, दोन्ही चालकांच्या हातून तेच चित्र पुन्हा दिसतं का ते पाहावं.

सर्वांत बोलकी असते ती पूर्ण शर्यतीची रंगीत तालीम. बहारीनची शर्यत ५७ फेऱ्यांची, ५.४१२ किलोमीटरच्या ट्रॅकवर. २०१० पासून शर्यतीदरम्यान पेट्रोल भरायला बंदी आहे. त्यामुळे एखाद्या संघाने चाचणीत ५७ फेऱ्या मारल्या, मध्ये फक्त टायर बदलण्यापुरता काही सेकंद थांबला आणि गाडी गराजमध्ये आत ढकलली नाही, तर तो संघ जवळजवळ पूर्ण भरलेल्या टाकीने निघाला होता हे उघड आहे. इथे पेट्रोलचं कोडं सुटतं. टायर बाजूच्या पट्टीच्या रंगावरून आणि यादीवरून कळतात, तास घड्याळावर दिसतो. झाकायला उरते ती फक्त इंजिनाची थोडी राखलेली ताकद, आणि सरळ पट्ट्यांवरचा वेग पाहिला तर तिचाही थोडाफार सुगावा लागतो. व्हर्स्टापेनची २०२४ मधली घोडदौड ज्यांनी आधी ओळखली त्यांनी ती अशाच धावांतून ओळखली होती. ज्या यादीत झोउ त्याच्या वर होता, ती यादी त्यांच्या लेखी नंतरची गोष्ट होती.

इथे पहिला आक्षेप येतो. वेगवान संघाने या लांब धावाही मुद्दाम मंद मारल्या तर? पॅडॉकमध्ये याला सँडबॅगिंग म्हणतात आणि दरवर्षी हंगामापूर्वी त्याची चर्चा झडते. शक्यता नाकारता येत नाही. पण त्याची किंमत मोजून पाहा. एकेकाळी संघ वर्षभर मनात येईल तेव्हा चाचण्या घेत. फेरारीकडे तर स्वतःचे फियोरानो आणि मुजेल्लो ट्रॅक होते. २००९ पासून हंगाम सुरू असतानाच्या चाचण्यांवर बंदी आली. हंगामापूर्वीचे दिवसही कमी होत गेले: २०१९ मध्ये बार्सिलोनात आठ दिवस होते, २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी बहारीनमध्ये फक्त तीन. त्यातही एका संघाची एकच गाडी ट्रॅकवर, म्हणजे त्या वर्षांत एका चालकाच्या वाट्याला दीड दिवस येई. एवढ्या वेळात भरलेल्या टाकीने गाडी वळणात कशी वागते, ब्रेक किती तापतात, मागचे टायर कितव्या फेरीला हार मानतात हे सगळं शिकायचं असे. वाऱ्याच्या बोगद्यातले आणि संगणकावरचे आकडे खऱ्या हवेशी जुळतात का हे पाहण्यासाठी पुढच्या चाकांमागे दाब मोजणाऱ्या नळ्यांच्या मोठ्या जाळ्या बसवल्या जातात, पंखांवर हिरवा-पिवळा ओला रंग फासून हवेचे ओघळ कुठे जातात ते बघतात. या घाईत लांब धावा मंद मारणं म्हणजे स्वतःच्याच अभियंत्यांना चुकीची माहिती देणं. एका फेरीचा वेग झाकायला काही मोजावं लागत नाही. लांब धावेचा वेग झाकायला चाचणीचे तास मोजावे लागतात, आणि तेच कुणाकडे नसतात.

याच कारणाने मला वाटतं की आपण संघांवर जितका अविश्वास दाखवतो तितके ते खोटं बोलत नाहीत. २०२० मध्ये बार्सिलोनाच्या चाचणीनंतर फेरारीच्या प्रमुखांनी आपली गाडी पुरेशी वेगवान नाही असं उघड सांगितलं. अनेकांनी ते डावपेच मानले. फेरारी त्या वर्षी संघांच्या यादीत सहावा आला. २०२२ मध्ये मर्सिडीजने बहारीनमध्ये बाजूचे हवा-कप्पे जवळजवळ नाहीसे केलेली गाडी आणली. ती सरळ रस्त्यावर वेगाने जाताना उड्या मारत होती, तिला ट्रॅकवर घट्ट धरून ठेवणं चालकांना जमत नव्हतं हे कॅमेऱ्यात दिसत होतं. हॅमिल्टनने आपण सध्या जिंकण्याच्या स्पर्धेत नाही असं सांगितलं. आठ वर्षं सलग संघांचं विजेतेपद मिळवलेल्या संघाचं हे बोलणं प्रतिस्पर्ध्यांना पटेना. मर्सिडीजने त्या वर्षी एकच ग्रांप्री जिंकली, तीही नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला. डोळ्यांसमोर गाडी उड्या मारत असताना लोक डावपेचांच्या गोष्टी रचत होते.

उलट्या दिशेची चूक २००९ ची. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतलं. रॉस ब्रॉन यांनी मार्चच्या सुरुवातीला तो संघ हाती घेतला, घाईने मर्सिडीज इंजिन बसवलं आणि गाडी बार्सिलोनाच्या चाचणीत उतरली तेव्हा पहिल्या शर्यतीला तीन आठवडे उरले होते. जवळजवळ कोरी पांढरी गाडी, प्रायोजक नावालाच. जेन्सन बटन आणि रुबेन्स बॅरिचेलो यांनी सगळ्यांना मागे टाकलं, आणि लगेच प्रोस्टची आठवण काढून कुजबुज सुरू झाली: रिकाम्या टाकीने पैशांसाठी चाललेला खेळ. वरच्या माझ्या कसोटीप्रमाणेही ती शंका रास्तच होती. पण तिला उत्तर तिथेच उपलब्ध होतं. ब्रॉनची गाडी एकेका फेरीतच नव्हे तर लांब धावांतही तितकीच पुढे होती, आणि रिकाम्या टाकीने लांब धाव मारता येत नाही. मेलबर्नला बटन आणि बॅरिचेलो पहिले दोन आले. पहिल्या सातपैकी सहा शर्यती बटनने जिंकल्या, त्या वर्षीची दोन्ही विजेतेपदं त्या संघाकडे गेली. मागच्या बाजूला हवा खेचणाऱ्या दुमजली डिफ्युझरची कल्पना त्यांच्या यशामागे होती. तो भाग कायदेशीर आहे का यावर वाद झाला. वेग खरा आहे का यावर मात्र पहिल्या शर्यतीनंतर कुणी वाद घातला नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो टाळून चालणार नाही. २०१९ मध्ये बार्सिलोनात फेरारी एका फेरीतही पुढे होती आणि लांब धावांतही. बहुतेक सगळ्या जाणकारांनी फेरारीला कौल दिला. शेवटच्या दिवशी फेरारीच्या सेबॅस्टियन वेट्टेलची वेळ १ मिनिट १६.२२१ सेकंद आणि मर्सिडीजच्या हॅमिल्टनची १ मिनिट १६.२२४, फरक तीन हजारांश सेकंदाचा. मेलबर्नच्या पात्रता फेरीत मात्र हॅमिल्टन पोलवर आणि वेट्टेल ०.७ सेकंद मागे. शर्यतीत हॅमिल्टनचा सहकारी व्हाल्टेरी बोटास जिंकला, वेट्टेल चौथा, सुमारे ५७ सेकंद मागे. मर्सिडीजने पहिल्या आठही शर्यती जिंकल्या. मग लांब धावांवर विश्वास ठेवण्याची पद्धत इथे फसली की काय?

काही अंशी फसली, हे मान्य करायला हवं. पण कुठे फसली ते पाहिलं तर पद्धतीची मर्यादा कळते. मर्सिडीज पहिल्या आठवड्यात एक गाडी चालवत होती आणि दुसऱ्या आठवड्यात हवेशी संबंधित भाग मोठ्या प्रमाणावर बदललेली दुसरीच गाडी. नव्या गाडीला सरावायला त्यांना दिवस लागले, आणि शेवटच्या दिवसापर्यंत अंतर तीन हजारांशांवर आलं होतं. ज्यांनी आठ दिवसांची सरासरी काढली त्यांना फेरारी स्पष्ट पुढे दिसली. ज्यांनी शेवटच्या दोन दिवसांचा कल पाहिला त्यांना ती आघाडी विरघळताना दिसायला हवी होती. मे महिन्यात त्याच बार्सिलोनाच्या ट्रॅकवर ग्रांप्री झाली तेव्हा बोटासने १ मिनिट १५.४०६ सेकंदांत पोल घेतली आणि वेट्टेल ०.८६६ सेकंद मागे राहिला. तोच ट्रॅक, तेच दोन संघ. फेब्रुवारीतलं मोजमाप खोटं होतं म्हणून हे घडलं नाही. मर्सिडीजच्या नव्या गाडीत अजून वाढायला जागा होती म्हणून घडलं. शिवाय फेरारीचा वेग निव्वळ भास नव्हता. दुसऱ्याच शर्यतीत, बहारीनला, लेक्लेर पोलवरून निघून आघाडीवर होता आणि इंजिनातल्या बिघाडाने त्याचा विजय गेला.

धावलेल्या फेऱ्यांची मोजदाद हाही एक पुरावा आहे, पण तो वेगाविषयी कमी आणि तयारीविषयी जास्त सांगतो. २०१७ च्या चाचण्यांत मर्सिडीजने हजाराहून जास्त फेऱ्या मारल्या, मॅक्लारेन-होंडाला त्याच्या निम्म्याही जमल्या नाहीत. मॅक्लारेन त्या वर्षी नववा आला. हे सरळ गणित झालं. पण २०१४ मध्ये नवी हायब्रिड इंजिनं आली तेव्हा हेरेथच्या चार दिवसांत रेड बुलला सगळ्या मिळून २१ फेऱ्या मारता आल्या, मर्सिडीजला ३०९. मर्सिडीज त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती जिंकणार हे त्यातून सुचत होतं. उरलेल्या तिन्ही शर्यती मात्र त्याच रेड बुलने जिंकल्या आणि तो संघ दुसरा आला, हे २१ या आकड्यात कुठेच नव्हतं. आणि अजिबात फेऱ्याच न मारणारा संघ असतो तेव्हा काय होतं ते आपल्या करुण चंधोकने अनुभवलं. २०१० मध्ये एचआरटी संघाची गाडी चाचणीला पोचलीच नाही. बहारीनच्या पात्रता फेरीत तो त्या गाडीत पहिल्यांदाच ट्रॅकवर उतरला, आणि शर्यत त्याच्यासाठी पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच संपली.

घरी बसून हे सगळं पाहणाऱ्याने एक पथ्य पाळावं असं मला वाटतं. संघांना पहिल्यापासून शेवटपर्यंत असे क्रमांक देऊ नयेत. दहा किलो पेट्रोलचा अंदाज चुकला तर फेरीमागे ०.३ सेकंदाची चूक होते, आणि तेवढ्यात मधले चार-पाच संघ सहज मावतात. त्यांच्यात सहावा कोण आणि नववा कोण हे फेब्रुवारीत ठरवणारा माणूस आकड्यांना जे सांगता येत नाही ते त्यांच्या तोंडी घालतो. गट मात्र पाडता येतात: हा संघ सगळ्यांच्या पुढे, हे दोन-तीन त्याच्या मागे, मधली गर्दी, आणि ज्यांच्या गाड्या वळणात निसटताना सारख्या दिसतात ते शेवटचे. एखादा संघ गेल्या वर्षीच्या गटातून वर किंवा खाली सरकलाय का, हा चाचणीला विचारण्याजोगा सर्वांत चांगला प्रश्न आहे.

२०२३ मध्ये या प्रश्नाचं उत्तर फार स्वच्छ मिळालं. आदल्या वर्षी सातव्या क्रमांकावर राहिलेल्या ॲस्टन मार्टिनच्या गाडीतून फर्नांडो अलोन्सो लांब धावांत सातत्याने फेरारी आणि मर्सिडीजच्या बरोबरीने दिसत होता. रेड बुल त्या सगळ्यांच्या बरीच पुढे होती. आठवडाभराने बहारीनला अलोन्सो साइन्झ आणि हॅमिल्टनला मागे टाकून तिसरा आला, व्हर्स्टापेनपासून ३८ सेकंद दूर. रेड बुलने त्या हंगामात २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. त्याच चाचणीत मॅक्लारेन मंद दिसली. संघाने आपली काही उद्दिष्टं हुकल्याचं आधीच सांगितलं होतं, आणि बहारीनला पियास्त्रीची गाडी बंद पडली, तर नॉरिस बिघाडामुळे पुन्हापुन्हा पिटमध्ये येत सतराव्या क्रमांकावर राहिला. जुलैच्या सुरुवातीला ऑस्ट्रियात मॅक्लारेनवर नवे भाग बसले. पुढच्याच रविवारी सिल्व्हरस्टोनला नॉरिस दुसरा आला. वर्ष संपलं तेव्हा मॅक्लारेन ३०२ गुणांसह चौथा होता आणि ॲस्टन मार्टिन २८० गुणांसह पाचवा. फेब्रुवारीतल्या कुठल्याही लाँग रनमध्ये हा निकाल शोधूनही सापडला नसता, कारण मॅक्लारेनचे ते भाग तेव्हा तयारच झालेले नव्हते.